सतराव्या मिनिटाचं पाणी

सोळा मिनिटं चाळीस सेकंद. त्रिशलानं टॅबवरचा आकडा पाहिला आणि श्वास रोखून धरला. आता फक्त वीस सेकंद!

शिरगुंडी साखर कारखान्याच्या तीन नंबरच्या पॅनवर दस्तगीर नदाफ परीक्षा देत होते. तिसरी आणि शेवटची. आता पॅन म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर डोशाचा तवा आला असेल तर तो आधी पुसून टाका. हा पॅन म्हणजे दुमजली घराएवढा पोलादी हंडा. आत साठ टन पाक रटरटत असतो, आणि त्या पाकात साखरेचा दाणा जन्माला घालून त्याला लहानाचा मोठा करायचं काम ज्याचं, तो पॅनमन. सगळा ऊस, सगळी तोडणी, सगळ्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर शेवटी या एका माणसाच्या हातावर येऊन थांबतात.

दस्तगीरचाचांच्या त्या हातावर आज कोपरापासून बोटांपर्यंत राखाडी रंगाची एक घट्ट बाही होती. त्यांनी पॅनमधून सळई ओढली, तिच्यावरचा पाक काचेच्या पट्टीवर फासला, पट्टी दिव्यासमोर धरली आणि बघितलं. नुसतं बघितलं नाही, हसले! नातवाचा पहिला दात दिसल्यावर आजोबा हसतात ना, तसे.

सतरा मिनिटं.

आता गरम पाण्याचा कॉक पाव फेरा उघडायचा. सगळ्यांसाठी ठरवून दिलेल्या 'प्रमाण' कृतीत तसं लिहिलेलं होतं. चाचांचा हात कॉककडे गेला. कॉकवर थांबला. "द्या की पाणी, चाचा," असं त्रिशलाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण परीक्षकानं बोलायचं नसतं. ती दात आवळून उभी राहिली. हात तसाच अधांतरी, एक सेकंद, दोन सेकंद... आणि रिकामाच परत आला.

टॅबवरचा एक्क्याण्णव आकडा घसरू लागला. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी. शहात्तर. त्र्याहत्तरला जाऊन थांबला. पास व्हायला ऐंशी लागत.

"किती?" बाही सोडता सोडता चाचांनी विचारलं.

"त्र्याहत्तर."

"मागच्या बारीला बाहत्तर हुते. एक वाढला की गं! अजून सात बाऱ्या दे, मग बघ कसा पास होतो."

"चाचा, ही शेवटची होती."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि कपाळाचा घाम पुसून पुन्हा पॅनच्या काचेत डोकावू लागले. परीक्षा संपली तरी पाक काही थांबत नाही.

निकालावर शिक्का मारायला त्रिशलाला दुपारी बारापर्यंत, म्हणजे पाळी सुटेपर्यंत वेळ होता. तिनं काहीच केलं नाही तरी बारा वाजता शिक्का आपोआप बसणार होता: नापास. मग पुढच्या हंगामापासून चाचा पॅनच्या फळीवर, म्हणजे या वरच्या मजल्यावर, पाऊल ठेवू शकणार नव्हते. बावीस वर्षं दाणा पाडणारा माणूस खाली गव्हाणीवर, उसाच्या मोळ्या पट्ट्यावर ढकलायला जाणार होता.

हे असं का, ते सांगायला हवं.

आपण बोट वाकवायचं ठरवलं की मेंदूकडून विजेचा एक अगदी बारीक संदेश निघतो आणि हाताच्या स्नायूंत पोचतो. कातडीवर संवेदक लावून तो टिपता येतो, ही गोष्ट डॉक्टरांना कधीपासूनच माहीत होती. नवीन होतं ते त्याच्या उलटं: एका हातातून टिपलेला संदेश दुसऱ्या हातात परत सोडायचा! राखाडी बाही तेच करायची. ती चढवली की तुमचे स्नायू उस्तादाच्या स्नायूंसारखे आवळायचे, सैल पडायचे, थबकायचे. जणू कुणी पाठीमागून येऊन तुमचा हात हातात धरून गिरवून घेतंय. तीन आठवडे गिरवलं की हात स्वतःहून तसा चालायला लागे. जे शिकायला पूर्वी दहा वर्षं लागत ते एकवीस दिवसांत! गवंडी, वेल्डर, पॅनमन, सगळ्यांच्या बाह्या निघाल्या आणि त्यांच्यामागून आलं प्रमाण मंडळ.

मंडळानं आधी दहा-दहा उस्तादांच्या हातांची सरासरी काढून पाहिली. ती फसली. दहा चांगल्या आवाजांची सरासरी काढून गाणं होत नाही, तसंच ते. म्हणून ठरलं, एका धंद्याला एकच हात निवडायचा. तो 'प्रमाण हात'. बाकी सगळ्यांना त्याच्याशी ताडून गुण द्यायचे. मग कुणीतरी विचारलं, साखर चांगली झाली की नाही ते का बघत नाही? मंडळाचं उत्तर तयार होतं. साखर उसावर अवलंबून, ऊस पाण्यावर, पाणी धरणावर. या सगळ्यांचे गुण एका माणसाला कसे द्यायचे? हात मात्र ज्याचा त्याचा. ऐकायला अगदी बिनतोड वाटायचं.

पॅनमनचा प्रमाण हात होता जयपाल मगदूम यांचा. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०३५ साली, याच कारखान्यात, याच तीन नंबरच्या पॅनवर तो टिपला गेला. अठ्ठ्याऐंशी कारखान्यांतली माणसं त्या हातानं साखर करत होती. आणि जयपाल मगदूम म्हणजे त्रिशलाचे अप्पा.

ती स्वतः त्याच बाहीवर शिकली. पहिल्यांदा बाही चढवली तेव्हा ती चक्क रडली होती, कारण आतून तिचा हात धरणारा हात तिनं लगेच ओळखला. सायकल शिकवताना सीटच्या मागे असायचा तो! परीक्षेत तिला शहाण्णव पडले. बाविसाव्या वर्षी ती मंडळाची सगळ्यात लहान परीक्षक झाली, आणि ओळखपत्राच्या कोपऱ्यात तो शहाण्णव आकडा हिरवागार चमकत असे.

त्याच अप्पांच्या हातानं आज दस्तगीरचाचांना तिसऱ्यांदा पाडलं होतं. आणि तेही एका पाव फेऱ्यासाठी.

"चाचा, खरं सांगा," पॅनच्या आडोशाला चहाचा कप पुढे करत त्रिशला म्हणाली. "तुम्हाला प्रमाण पाठ आहे. सतराव्या मिनिटाला पाणी, हे इथल्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत आहे. मुद्दाम दिलं नाहीत ना?"

"देणार हुतो. आल्लाची आण, आज ठरवूनच आलतो. पण दाणा बघितलास न्हवं? एकेक मोत्यावानी. त्येच्यावर पाणी वतायचं म्हंजे जेवत्या लेकराचं ताट वढल्यागत. हातच वळंना."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते समजायला परीक्षक असायची गरज नव्हती. पाक घट्ट होत गेला की त्यातली साखर आधीच्या दाण्यांवर बसते आणि दाणे वाढतात. पण पाक गरजेपेक्षा जास्त घट्ट झाला तर मधेच नवे, पिठासारखे बारीक दाणे आपोआप उगवतात. पॅनमन त्याला खोटा दाणा म्हणतात. तो चाळणीतून निसटतो आणि मळीत वाहून जातो, म्हणजे नुकसान. खोटा दाणा दिसला की पाणी देऊन तो विरघळवायचा. पण दिसलाच नाही तर पाणी कशाला? उगाच दिलेलं पाणी खरा दाणाही झिजवतं, आणि ते पाणी पुन्हा उडवायला वाफ जाळावी लागते.

"मग अप्पा का द्यायचे पाणी?" त्रिशलानं विचारलं.

चाचांनी कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

"ते तू त्यांस्नीच विचार," ते म्हणाले आणि उठले.

"चाचा! तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

"मला एवढंच म्हाईत हाय की चार नंबरचा पॅन तयार हुऊन उतरायला आलाय. सरक बाजूला, साहेब."

ती सरकली. पण गप्प बसणाऱ्यातली ती नव्हतीच.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या यंत्रावर तिनं प्रमाण हाताची मूळ नोंद उघडली. चाळीस दिवसांचे चाळीस पॅन. मंडळानं त्यातला हात तेवढा वापरला होता, पण टिपताना एक कॅमेरा काचेच्या पट्टीवरही लावलेला होता. ती चित्रं कुणी कधी बघितलीच नव्हती. दाण्याशी कुणाला देणंघेणं होतं? हात हवा होता!

त्रिशलानं एकेक दिवस लावून बघायला सुरुवात केली. पहिला दिवस, सतरावं मिनिट: पट्टीवर दाणा स्वच्छ. हातानं पाणी दिलं. दुसरा दिवस: स्वच्छ, तरी पाणी. तिसरा दिवस: खोटा दाणा, पाणी. बरोबर. चौथा: स्वच्छ, पाणी. साडेदहा वाजता हिशेब असा झाला की चाळीसपैकी सदतीस दिवस पाणी दिलं होतं, आणि त्यातले एकतीस दिवस पट्टीवर खोट्या दाण्याचा मागमूस नव्हता.

उस्तादाचा हात दाणा बघून चालतच नव्हता.

मग तिनं आणखी खोलात जाऊन स्नायूंचा आलेख पाहिला. सतराव्या मिनिटाला अंगठा आणि तर्जनी पाक चिमटीत धरून तीनदा चोळायची, आणि त्याच वेळी मनगटापासून कोपरापर्यंत सगळे स्नायू गच्च आवळायचे. त्यावर एक बारीकशी थरथर. तिला ती थरथर नीट माहीत होती! बाहीवर शिकताना रोज त्या क्षणी तिची छाती धडधडायची. तिला वाटायचं, हा कामातला जोर. अप्पांचा जोर. कॉलेजात शरीरशास्त्राचा हाच आलेख तिनं एकदा परीक्षेत काढला होता आणि त्याखाली नाव लिहिलं होतं: भीतीच्या वेळची स्नायूंची अवस्था.

तिनं प्रयोगशाळेतून काचेच्या दोन पट्ट्या उचलल्या, दोन वेगळ्या पॅनचे नमुने त्यावर फासले, वर दुसरी काच दाबून पारदर्शक चिकटपट्टीनं बंद केल्या आणि घराकडे पळत सुटली.

घर कारखान्याच्या फाटकापासून पाच मिनिटांवर. आई नुकतीच जैन बस्तीतून, म्हणजे देवळातून, पूजा करून आली होती आणि आत भाकरी थापत होती. याच हंगामात निवृत्त झालेले अप्पा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला मंडळानं दिलेला पितळी हात लावलेला. येणारेजाणारे त्याला हात लावून जायचे, त्यामुळे बोटांची टोकं झिजून लखलखीत झाली होती.

"साहेब आल्या!" अप्पा म्हणाले. "किती पडले दस्तगीरला?"

"त्र्याहत्तर."

"पाणी दिलं नसंल. पहिल्यापास्नं हट्टी."

"अप्पा, या दोन पट्ट्या बघा. यातल्या कुठल्या पॅनला पाणी द्यावं लागेल?"

"हात्तिच्या! आता माझी परीक्षा घेतीस व्हय?" त्यांनी हसत पट्ट्या घेतल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या. बोटं आपसूक पाकाकडे गेली, पण मधे काच होती. गुळगुळीत. बोटं तिच्यावरून घसरली आणि थांबली. त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मग त्यांनी मान वाकडी केली आणि कोंबडी बघते तसं एका कडेनं बघितलं. आधी उजवीकडून, मग डावीकडून.

"दोन्ही चांगल्या."

डावी पट्टी खोट्या दाण्यानं रवा सांडल्यासारखी भरलेली होती. पहिल्या आठवड्यातल्या पोरालाही दिसली असती.

"अप्पा, डावी खराब आहे."

"उजेड कमी हाय इथं. चष्मा दे."

"चष्म्यानं काय व्हायचं न्हाई," आतून आईचा आवाज आला. भाकरीची थापथप थांबली होती. "मिरजंच्या डॉक्टरनं नऊ वर्सांमागंच सांगितलंय."

तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला तरी आई हलली नाही.

"मधला ठिपका गेलाय नजरंचा," शेवटी अप्पा म्हणाले. पट्ट्या अजून हातात होत्या. "कडंचं सगळं दिसतं. तू दारात आलीस की दिसतीस. तुझं नाक दिसत न्हाई."

"नऊ वर्षं? मग दाणा कोण बघायचं?"

"दस्तगीर. म्या पट्टी उजेडाला धरायचो, त्यो शेजारच्या पॅनवरनं बघायचा. खोटा दाणा असला की खोकायचा. सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला. तू तेव्हा शाळंत हुतीस."

"आणि हात टिपला तेव्हा?"

"फळीवर एकच माणूस पायजे म्हणाले. दुसऱ्याची सावली पडता कामा नये." अप्पांचा आवाज खाली गेला. "चाळीस दिवस एकटा हुतो, त्रिशला. रोज सतरावं मिनिट आलं की वाटायचं, आज बिघडला पॅन, आज उघडं पडलं सगळं. चिमटीत चोळून बघायचो. येवढं बारीक बोटास्नी कळत न्हाई. मग द्यायचो पाणी. पाण्यानं पॅन उशिरा उतरतो, पण नासत तर न्हाई."

"ते पाणी आज अठ्ठ्याऐंशी कारखाने देतायत! रोज, प्रत्येक पॅनला. पुढच्या हंगामात यांत्रिक हात येणार आहेत, त्यांनाही हेच शिकवणार. त्यांच्यात तुमचा हात नाही अप्पा, तुमची भीती आहे."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. अप्पांनी पट्ट्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. एक कट्ट्याबाहेर पडली आणि फुटली.

"दस्तगीरनं सांगितलं तुला?"

"एक अक्षर नाही. मी खोदून खोदून विचारलं. तीनदा नापास झाले, पण तोंड उघडलं नाही."

हे ऐकून अप्पांनी तोंड फिरवलं.

"मग पास कर त्याला."

"मला आकडा बदलता येत नाही. फक्त प्रमाणावर हरकत घेता येते. कारणासकट घेतली तर प्रमाण ताबडतोब स्थगित होतं आणि त्यावर कुणालाच नापास करता येत नाही."

"लिही की मग कायतरी. उसाचा दोष हाय, लिही. हवा बदलली, लिही."

"खोटं कारण दिलं तर समिती बसते. सहा महिने. तोवर चाचा गव्हाणीवर."

"गव्हाणीवर काय माणसं मरत्यात व्हय?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती नुसती बघत राहिली. अप्पांना तिचा चेहरा दिसला नसणार, पण ती तिथं उभी आहे हे कळलं असणार. त्यांची मान खाली गेली.

"आणि तुझं काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुझा शहाण्णव माझ्याच हातावरचा हाय. त्यो गेला की तू कोण? ना परीक्षक, ना पॅनमन."

हा प्रश्न वाटेत येतानाच त्रिशलाच्या मनात आला होता आणि तिनं तो सतरा वेळा मागं ढकलला होता.

"बारापर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः फळीवर येऊन सांगितलंत तर 'प्रमाणधारकानं दुरुस्ती सुचवली' असं लिहिता येईल. तुमचा मान राहील. नाही आलात तर मला लिहावं लागेल की तुम्ही लपवलं."

"लिहिशील तू?"

"माहीत नाही मला!" ती जवळजवळ ओरडलीच. "पण तुम्ही या ना, अप्पा. प्लीज."

अप्पा वाकून फुटलेल्या काचेचे तुकडे चाचपू लागले.

ती पुन्हा फळीवर पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पॅनच्या फळीला खालून एकच जिना येतो. बेचाळीस लोखंडी पायऱ्या, कुणीही चढलं तर आवाज येतोच. त्रिशला जिन्याकडे तोंड करून बसली.

अकरा चाळीस. एक फिटर वर आला, पाना घेऊन गेला.

अकरा पंचेचाळीस. कुणी नाही.

तिनं हरकतीचा अर्ज उघडला. नाव, कारखाना, पॅनचा क्रमांक, सगळं भरलं. चाळीस दिवसांची चित्रं जोडली. शेवटचा चौकोन रिकामा: कारण.

"काय लिव्हतीस?" चाचा पाठीमागं येऊन उभे होते. टॅबवर चाळीस काचांची चित्रं आणि वर अप्पांचं नाव, एवढं बघून त्यांना सगळं समजलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ए पोरी. न्हाई. हे न्हाई करायचं."

"चाचा, तुमची नोकरी..."

"माझी काय नोकरी घिऊन बसलीस! नऊ वर्सं खोकलो म्या त्यांच्यापायी. घसा बसला तरी खोकलो. ते काय असं शेवटाला त्यांस्नी मातीत घालायला?" त्यांनी टॅबवर हात ठेवला. राखाडी बाहीचे लाल वळ अजून त्या हातावर होते. "म्या जातो की गव्हाणीवर. मोकळी हवा असती तिथं. ऱ्हाऊ दे."

"आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी चांगला दाणा बघून थांबेल, त्याचं काय? त्यालाही मीच नापास करू? दरवर्षी करत राहू?"

चाचांनी हात काढला नाही.

अकरा त्रेपन्न. जिना मुका होता.

त्रिशलाला एकदम अप्पांचा राग आला. मग स्वतःचा आला. मग तिला तिचा उजवा हात दिसला. तो गच्च आवळलेला होता, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि बारीक थरथरत होता. अगदी आलेखातल्यासारखा! ही भीती तिची होती की बाहीतून शिकलेली, हे आता तिला कोण सांगणार होतं? तिनं मूठ उघडली. बोटं एकेक करून सैल केली. मग चाचांचा हात हलकेच उचलून बाजूला ठेवला आणि चौकोनात लिहिलं:

'प्रमाण हाताला दाणा दिसत नव्हता. प्रमाणधारकानं ही गोष्ट लपवली. प्रमाणधारक माझे वडील आहेत.'

अकरा सत्तावन्न. तिनं शेवटचं एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि दाबलं.

टॅबवर एक गोल फिरत राहिला. फिरतच राहिला. मग अक्षरं आली: हरकत दाखल. प्रमाण स्थगित. आणि ओळखपत्राच्या कोपऱ्यातला हिरवागार शहाण्णव विझला. तिथं नुसती एक आडवी रेघ उरली.

"येड्या पोरी," दस्तगीरचाचा म्हणाले. "येडी हाईस तू."

बाराचा भोंगा झाला. पाळी सुटली. फळीवरचे, साखर गाळणाऱ्या सेंट्रिफ्युगलवरचे, बॉयलरवरचे सगळे एकदम जिन्याकडे निघाले. त्रिशला त्या गर्दीत खाली उतरू लागली. घरी कुठल्या तोंडानं जायचं याचा विचार करत असतानाच शेवटच्या पायरीवर तिचा पाय थबकला.

जिन्याच्या बुडाशी सिमेंटच्या कट्ट्यावर अप्पा बसले होते. अंगात धुतलेला सदरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. घामानं डबडबलेले. माणसं त्यांना ओलांडून, वाकून नमस्कार करून पुढं जात होती.

"कधी आलात?" तिच्या तोंडातून कसंबसं निघालं.

"मघाशीच. तुझी आई म्हणली, वीस मिन्टं हाईत अजून."

"मग वर का नाही आलात? मी वाट बघत होते अप्पा! तुम्ही आला असतात तर मला तसं लिहावं लागलं नसतं..."

"लिव्हलंस?"

"हो."

अप्पांनी मान हलवली. हळूहळू, दोनतीनदा.

"वर आलो असतो तर म्या तुला थांबवलं असतं," ते म्हणाले. "माझा भरवसा न्हवता मला. म्हणून हितंच बसलो."

त्रिशला त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली. तिला रडू येत होतं आणि आलं नाही. दोघं तशीच बसून राहिली आणि गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिली.

एवढ्यात वरून, फळीच्या कठड्यावरून, दस्तगीरचाचांनी वाकून पाहिलं. खाली कोण बसलंय ते त्यांना दिसलं, आणि ते काय बोलायचं ते न सुचून लोकांदेखत अप्पांना विचारायच्या नऊ वर्षांच्या सवयीनं एकदम ओरडले, "अप्पा! चार नंबरला बघा की जरा येऊन! दाणा कसा वाटतोय?"

जिन्यावरची माणसं थांबली. प्रमाण हात दाणा बघणार म्हटल्यावर कोण थांबणार नाही? शंभरेक माणसं असतील. वरच्या चाचांनी जीभ चावलेली त्रिशलाला इथूनही दिसली.

अप्पा कट्ट्याला धरून उभे राहिले. त्यांनी मान वर केली, पण वाकडी केली नाही. समोर, सरळ, जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं तिथंच बघितलं.

"मला दिसत न्हाई रे!" ते म्हणाले.

यंत्रांची घरघर चालूच होती. वरच्या पायऱ्यांवरच्यांना नीट ऐकू गेलं नाही. कुणीतरी विचारलं, "काय म्हणले?"

अप्पांनी तोंडाशी दोन्ही हात धरले, छाती भरून श्वास घेतला आणि आधीपेक्षा मोठ्यानं ओरडून सांगितलं, "दिसत न्हाई मला, दस्तगीर! तूच बघ!"